घरकुलाला एकच दार का?

पुसेगाव म्हटले की बहुतेकांना सातारा जिल्ह्यातले सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. आमचे पुसेगाव ते नव्हे. आमचे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. सोयाबीन, तूर आणि हळदीच्या पट्ट्यातले. या गावच्या वस्तीत आम्ही वाढलो आणि घराचा प्रश्न आम्हाला कोणत्याही पुस्तकातून नाही, तर जयंतीच्या वर्गणीच्या वहीतून समजला.

झाले असे की जयंतीच्या तयारीला आम्ही वस्तीतली दहा-बारा पोरे विहारात बसलो. वर्गणी घरटी ठरली. मग यादी करायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. घर म्हणजे नेमके काय धरायचे?

एका छपराखाली तीन भाऊ, तीन चुली, घरकुल मात्र बापाच्या नावावर. हे एक घर की तीन? एक मावशी नवरा वारल्यावर माहेरी परत आली. भावाच्या भिंतीला टेकवून चार पत्रे टाकून राहते. तिचे घर धरायचे की नाही? एकाचे घरकुल पूर्ण झालेले, रंगही दिलेला, पण माणूस पुण्याला कामाला. वर्षातून आठ दिवस कुलूप निघते. ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरे सहा-सहा महिने बंद. आणि आपल्याच समाजाची एक नर्सताई जवळच्या एका गावात नोकरीला आहे. तिला तिथे खोलीच मिळाली नाही, म्हणून ती रोज एसटीने ये-जा करते. तिचे नाव कोणत्या गावाच्या यादीत लिहायचे?

वहीचे पान तसेच राहिले. आम्ही शेवटी वर्गणी चुलीवर घेतली. पण त्या रात्री एक गोष्ट डोक्यातून जाईना. वर्गणी मागताना आम्हाला माणसे दिसली, चुली दिसल्या. सरकारच्या घरकुल योजनेला मात्र फक्त एकच माणूस दिसतो: ज्याच्याकडे स्वतःच्या नावाची जागा आहे तो. बाकीच्यांचे काय?

मित्रांनो, या प्रश्नावर आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही. आपण 'घरकुल मंजूर करा', 'हप्ता सोडा', 'ड यादीत नाव घ्या' एवढ्यावर थांबतो. या मागण्या रास्त आहेत, त्या सोडायच्या नाहीत. पण त्या अपुऱ्या आहेत, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

आधी योजना काय आहे ते पाहू. इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. सपाट भागात केंद्राच्या योजनेचे मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये, घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी वेगळी. आता साधा हिशेब करा. 1 लाख 20 हजार भागिले 269, म्हणजे चौरस फुटाला 446 रुपये. विटा, सळई, सिमेंट, मिस्त्रीची मजुरी या पैशात कशी बसवायची? म्हणून जोत्यावर थांबलेली, स्लॅबला पैसे नसल्याने वर पत्रे पडलेली घरकुले गावोगाव दिसतात. आणि उरलेली रक्कम येते सावकाराकडून नाहीतर बचत गटाच्या कर्जातून.

पण हा झाला जागा असलेल्याचा हिशेब. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्य सरकारने 2015 मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीला अर्थसहाय्य सुरू केले. आधी 50 हजार रुपयांपर्यंत, पुढे ते 1 लाख झाले. चांगली गोष्ट आहे. पण जागा विकत कोण देणार? गावठाणात प्लॉट विकणारा कोण असतो आणि त्याला शेजारी कोण हवा असतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पैसा सरकार देईल, शेजार कोण देईल?

आता शहराकडे बघा. 2024 मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी दुसरा टप्पा आला. त्याला चार दारे आहेत. स्वतःच्या जागेवर बांधायला अनुदान, भागीदारीतून बांधलेली परवडणारी घरे, भाड्याची परवडणारी घरे आणि गृहकर्जाच्या व्याजावर सवलत. त्याआधी 2020 मध्ये लॉकडाऊनने मजुरांचे हाल केल्यावर भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना आली, तीही शहरांपुरतीच. म्हणजे शहरात चार दारे आणि खेड्यात एकच. स्वतःची जागा असेल तर आत या, नसेल तर बाहेर थांबा. जणू खेड्यात कोणी भाडेकरू नसतोच!

तो असतो. फक्त त्याच्याकडे कागद नसतो. महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा मुख्यतः शहरी भागांना लागू आहे. खेड्यातला भाडेकरू मालकाच्या मर्जीवर राहतो. मर्जी फिरली की पसारा रस्त्यावर.

आमच्यापैकी दोघे शिकायला एका शहरात गेले होते. वसतिगृहाच्या यादीत नंबर लागला नाही, म्हणून खोली शोधायला निघाले. घरमालक बोलायला गोड. पाण्याची वेळ सांगितली, गाडी कुठे लावायची ते सांगितले. मग विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितले. "बरं, मंडळीला विचारून सांगतो," म्हणाला. संध्याकाळी फोन केला तर खोली भाच्याला दिली होती. भाचा कुठला ते कळले नाही, कारण महिनाभर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. पैसे होते. बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देते. सरकारने मान्य केले की शिकणाऱ्या पोराला भाड्याची खोली लागते. पण पैसे देऊन आडनाव बदलत नाही.

हे काही आमच्यावरच आले असे नाही. 1917 मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळाली नाही, तर आमची काय कथा!

पण बाबासाहेबांच्या आयुष्याचा पुढचा भाग आपण नीट वाचत नाही. मुंबईत ते बरीच वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. ही चाळ कोणाची होती? मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये ही संस्था स्थापन झाली. म्हणजे ती सार्वजनिक मालकीची, भाड्याची चाळ होती. माता रमाईंचा संसार त्याच चाळीत झाला. 1927 चा महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता ती चाळ होती, गोलमेज परिषदेला ते निघाले तेव्हाही तीच. त्यानंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, स्वतःच्या मालकीचे, पुस्तकांसाठी. आणि 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले ते दिल्लीतल्या 26 अलीपूर रोडवर. ते घर त्यांचे नव्हते, सिरोहीच्या महाराजांचे होते.

यातून आम्ही काय शिकायचे? एका माणसाला आयुष्याच्या एका टप्प्यावर भाड्याची खोली लागते, दुसऱ्या टप्प्यावर स्वतःचे घर लागते. कधी मालकी नसली तरी चालते, पण हाकलले जाणार नाही एवढी खात्री लागते. बडोद्यात खासगी मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले, तिथे अपमान झाला. परळला सार्वजनिक चाळ होती, तिथे चळवळ उभी राहिली. फरक भाडे आणि मालकी यांच्यातला नाही. घर कोणाच्या मर्जीवर आहे, यातला आहे.

हे आम्ही विहारात मांडले तेव्हा वस्तीतले एक ज्येष्ठ काका चिडले. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. म्हणाले, "दादासाहेब गायकवाडांनी जमिनीसाठी लोक तुरुंगात नेले आन् तुमी भाड्याच्या खोल्या मागायलाव? आपल्याला पुन्हा कुणाचं तरी कूळ करायचं हाय का?"

काकांचा मुद्दा हलका नाही. 1964 च्या 6 डिसेंबरला सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. मालकीची मागणी त्या रक्ताची आहे. पण त्याच सनदेत भूमिहीनांना पडीक जमीन द्या, या मागणीबरोबर झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा हीही मागणी होती. दादासाहेबांच्या पिढीने शेत आणि निवारा वेगळे केले नव्हते. आम्ही काकांना एवढेच विचारले, "काका, मावशीचं नाव कोणत्या यादीत आहे?" काका गप्प झाले. मावशीच्या नावावर ना जागा, ना सातबारा, ना नमुना आठ. मालकीची वाट बघत ती पत्र्याखाली म्हातारी होणार. तिला पुढच्या पावसाळ्याआधी पक्के छप्पर हवे आहे, आणि भाऊ किंवा भावजय 'निघ' म्हणू शकणार नाही असा कागद हवा आहे.

काकांचा दुसरा मुद्दा त्याहून अवघड होता. "आन् ही मिश्र वस्ती काय काढली? बाबासाहेब तर वेगळी गावं वसवा म्हणाले."

खरे आहे. जुलै 1942 च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यासाठी वसाहत आयोग आणि सरकारी पडीक जमीन मागितली आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना काय सुनावले तेही आपल्याला पाठ आहे. पण त्या मागणीचे कारण समजून घेतले पाहिजे. गावात आपले घर, पाणी, मजुरी, जळण सगळे सवर्ण जमीनमालकाच्या हातात होते. त्या हातातून सुटका हा हेतू होता. भिंत बांधणे हा हेतू नव्हता. आणि आज आपण राहतो ती वस्ती बाबासाहेबांनी मागितलेली स्वतंत्र वसाहत नाही. ती जुन्या गावकुसाबाहेरचीच जागा आहे, फक्त नाव बदललेले. 27 जुलै 1978 ला नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या अनेक गावांत आपली घरे जाळली गेली. कोणते घर जाळायचे हे शोधावे लागले नाही, कारण आपली सगळी घरे एका बाजूला होती.

मग मिश्र वस्तीत माणूस सुरक्षित असतो का? काकांनी विचारले आणि आम्ही प्रामाणिकपणे सांगितले, शेजार मिळाला म्हणून जात जात नाही. कोणाच्या दयेने मिळालेला शेजार तर मुळीच नको. पण सरकारी जमिनीवरची वस्ती, सोडतीने दिलेली घरे आणि कोणाच्या बापाची मालकी नसलेला रस्ता, ही वेगळी गोष्ट आहे. सिंगापूरमध्ये बहुतांश जनता सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरात राहते आणि 1989 पासून प्रत्येक इमारतीत वेगवेगळ्या वंशाच्या लोकांचे प्रमाण ठरवलेले आहे. तिथेही माणसे आपोआप मिसळली नाहीत, नियम करावा लागला. आपल्या गावात तर भूमिहीन फक्त आपणच नाही. वडार आहेत, मातंग आहेत, मुस्लिम आहेत, पोटापुरतेही शेत न उरलेले मराठे आहेत. घर नसलेल्या सगळ्यांना एका वस्तीत हक्काने आणायचे म्हटले, तर ही मागणी एका वाड्याची राहत नाही, गावाची होते.

आणि हे हवेतले नाही. सोलापूरच्या विडी कामगार बायांनी सहकारी संस्था काढून कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली. 2006 मध्ये घरे मिळाली. केंद्र, राज्य आणि कामगार बाई असा तिघांचा वाटा होता. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातल्या पंधरा हजारांचे हस्तांतरण जानेवारी 2024 मध्ये झाले. केरळच्या लाइफ मिशनने जागा असलेले बेघर आणि जागाच नसलेले बेघर असा फरक पहिल्यापासून केला आणि भूमिहीनांसाठी इमारती बांधायला घेतल्या. आपल्याच राज्यात विमुक्त भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. एका हेक्टरवर 20 कुटुंबे, प्रत्येकाला 5 गुंठे आणि 269 चौरस फुटांचे घर. म्हणजे सुटे सुटे घरकुल न देता पूर्ण वसाहत द्यायची, हे सरकारला माहीत आहे. तेच तत्त्व पुढे न्यायचे आहे.

म्हणून आम्ही ग्रामसभेसाठी मसुदा तयार केला. काका तोंडाने नाही म्हणत राहिले, पण अक्षर त्यांचेच आहे, कारण आमच्यापेक्षा त्यांचे अक्षर चांगले. मसुदा असा:

एक हेक्टर सरकारी जमीन गावठाण विस्तारासाठी मागायची, तीही रस्त्यालगत, वस्तीच्या मागे ओढ्याकडे नव्हे. तिच्यावर 40 घरे. त्यातली 24 मालकीची, पट्टा बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे. 10 घरे सहकारी संस्थेची: राहणारा सभासद, त्याला आयुष्यभर राहायचा हक्क, वारसालाही हक्क, पण घर बाजारात विकता येणार नाही. त्यामुळे कर्जापायी घर सावकाराच्या घशात जाणार नाही. आणि 6 खोल्या भाड्याच्या, मालकी ग्रामपंचायतीची. मावशीसारख्या एकट्या बायांसाठी, नर्सताईसारख्या नोकरदारांसाठी, नव्याने वेगळ्या झालेल्या जोडप्यांसाठी. भाडे महिन्याला रोजगार हमीच्या तीन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त नाही. 2025-26 च्या 312 रुपयांच्या दराने हे 936 रुपये होतात. ते दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात जमा होणार. लेखी करार, आणि ग्रामसभेत कारण सांगितल्याशिवाय कोणालाही काढता येणार नाही. वाटप भर सभेत चिठ्ठ्या टाकून. सलग दहा घरांत एकाच जातीची घरे निम्म्यापेक्षा जास्त नकोत.

जमीन कुठून, असे विचारतील. गायरान म्हटले की लगेच सर्वोच्च न्यायालयाच्या 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालाकडे बोट दाखवतात. तो निकाल नीट वाचा. सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणे काढा असे त्यात म्हटले आहे, पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल तर तो अपवाद ठेवला आहे. निकालाचा पहिला भाग आपल्याला नोटीस देताना वाचून दाखवतात, दुसरा भाग आपणच वाचून दाखवायचा असतो. आणि गायरान नसेल तर इतर सरकारी पडीक जमीन आहे, गावठाण विस्ताराची तरतूद आहे. जमीन महसूल संहिता 1966 ची आहे, ती काही आमच्यासाठी नवी करायची नाही.

मोजणीचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. जे गावठाणाच्या रेषेच्या आत, त्यांना कागद. रेषेच्या बाहेर राहिलेल्यांच्या हातात पुन्हा काही नाही. ड्रोन वरून सगळ्यांचीच छपरे बघतो, पण कागद रेषा बघून मिळतो. म्हणून आपल्या गावात ही रेषा कुठे ओढली आहे, ते प्रत्येक शाखेने नकाशा मागून बघितले पाहिजे.

मित्रांनो, यादीत नाव आले की आपण खूश होतो आणि नाव नाही आले की शेजाऱ्यावर चिडतो. त्याचे आले, माझे का नाही? एकच दार असले की दारात रेटारेटी होणारच, आणि ती आपल्यातच होते. आपण दारे वाढवून मागितली पाहिजेत. मालकीही, सहकारही आणि सन्मानाचे भाडेही, एकाच रस्त्यावर. तुमच्या गावात एक काम करा. पुढच्या वर्गणीच्या वेळी घरे मोजू नका, चुली मोजा. एका रकान्यात छप्पर कोणाचे ते लिहा, दुसऱ्या रकान्यात तिथून त्यांना कोण काढू शकतो ते लिहा. दुसरा रकाना भरला की मसुदा आपोआप तयार होतो.

आमच्या वहीत मावशीच्या चुलीसमोर दुसऱ्या रकान्यात तीन नावे आहेत. तिथे एकही नाव नको, एवढाच आमचा आग्रह आहे. येत्या ग्रामसभेत मावशी स्वतः बोलणार आहे. आम्ही मागे बसणार आहोत.

जय भीम!